आठ टक्के

भोसरीत आमच्या गल्लीला दुपारी तीन ते सहा
फुलांचा वास यायचा.
एका बाजूला पावडर कोटिंग, दुसऱ्या बाजूला प्रेस शॉप,
समोर बसप्पाची टपरी.
उकळत्या भांड्यावरनं मान वर करून तो सांगायचा,
"आज गुलाब."
किंवा, "आज बकुळ, मॅडम. माल थोडाच दिसतोय."
कधी चुकायचा नाही.
वर्षभर मला त्याचं कौतुक होतं.

मग एका सोमवारी लॅबचा कागद आला.
बॅच एकशे बारा. गुलाब पाकळी. तेलाचा अंश: नगण्य.
मुनोत साहेबांनी तो माझ्यापुढे सरकवला
आणि काहीच बोलले नाहीत,
जे त्यांना फार छान जमतं.

मी मागच्या बाजूला जाऊन
ड्रायरच्या धुराड्याखाली उभी राहिले.
पत्र्याच्या तोंडातून सगळं बाहेर येत होतं,
गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतं ते,
फुकट, प्रेस शॉपच्या पोरांच्या डोक्यावर.
बसप्पा ज्याला गुलाब म्हणायचा
तो आमचा तोटा होता.

तेव्हापासून वही घातली.
साठ अंशांवर सहा तास: पाकळी वरून कडक, आतून ओली,
आठ दिवसांनी पोत्यात काळी.
पंचावन्न: तपकिरी. हात लावला की चुरा.
थर दोन बोटं, तर मधले ट्रे घामेजले.
थर एक बोट, तर ट्रॉल्या पुरेनात.
पंख्याचा वेग वाढवला
तर पाकळ्या उडून जाळीला, छताला, आमच्या टोप्यांना.
जुलेखा म्हणाली, लग्न लावताय का मशीनचं?

त्यात ऑगस्ट.
बाहेरचीच हवा आत घेऊन तापवायची,
म्हणजे ओल्या टॉवेलनं अंग पुसायचं.
वहीतलं ते पान अजून फुगलेलं आहे.

मग नवं मशीन आलं, बंद पोटाचं.
आतली हवा आतच फिरते,
गार नळ्यांवर पाणी सोडते,
पुन्हा तापते, पुन्हा पाकळ्यांकडे जाते.
बेचाळीस अंश. चौदा तास. थर दीड बोट.
सातव्या तासाला वरचे ट्रे खाली, खालचे वर,
रात्रपाळीच्या नवलेनं झोप लागली तरी.
शंभर किलोचे बावीस.
ओलावा आठ टक्के.
रंग असा, की मुनोत साहेब बोलले.
"बरंय," म्हणाले.

चौथ्या दिवशी बसप्पानं विचारलं,
"कंपनी बंद पडली का हो?"
पाचव्या दिवशी चहात साखर जास्त घातली,
जशी दुखवट्याच्या घरी घालतात.
मी म्हटलं, अहो, चालू आहे.
आता कुठं नीट चालू आहे.
त्यानं धुराडं होतं त्या जागेकडं पाहिलं.
तिथं आता सिमेंटचं ठिगळ.

मशीनच्या पोटाखाली एक निळी नळी आहे.
दर खेपेला अठ्ठ्याहत्तर लिटर पाणी
ती गटारात सोडते.
स्वच्छ. बिनरंगाचं. कोणाच्या हिशेबात नसलेलं.
एकदा हातमोजा काढून ओंजळ धरली.
वास होता.
जरासा, लग्नाहून परत आलेल्या रुमालाला
तिसऱ्या दिवशी असतो तितका.
त्याचा मीटर नाही माझ्याकडे.
वहीत रकाना नाही.

काल पाच लिटरचा कॅन भरून टपरीवर नेला.
प्यायचं नाही हं, म्हटलं.
बसप्पानं झाकण काढलं, नाक नेलं,
आणि नेहमीसारखं चटकन सांगितलं नाही.
गिऱ्हाइकं थांबली. चहा उतू गेला.
मग त्यानं बाकड्याखालच्या धुळीवर
दोन मगे शिंपडले.

"गुलाब," म्हणाला,
"पण कालचा."